माळवद, मिलो, परीक्षा: शब्द मुरतात कसे

एबिंगहाउसचा १८८५चा विस्मरणवक्र सर्वांच्या परिचयाचा आहे, मी तिथे थांबत नाही. पुढची कित्येक वर्षे पाठांतर आणि उजळणी यांचेच मोजमाप चालले. मला या विषयाकडे ओढले ते क्लाइनस्मिथ आणि कॅप्लान यांच्या १९६३च्या प्रयोगाने. नांदेडच्या वर्गांत आयुष्यभर मी त्याचीच बाजू मांडली.

आठ शब्द, प्रत्येकाला एक अंक जोडलेला. शब्द वाचताना त्वचेत होणारा बदल मोजला, की माणूस कोणत्या शब्दाने आतून हलला ते कळते. दोन मिनिटांनी विचारले तेव्हा थंड शब्दांचे अंक चटकन आठवले, हलवून गेलेल्या शब्दांचे अडखळले. आठवड्याने उलटे झाले. थंड शब्दांचे अंक पुसले गेले, हलवणाऱ्यांचे वर आले. त्या आठांत ‘परीक्षा’ हाही शब्द होता. परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या लातूरच्या कोणत्या घरात हा शब्द थंड राहील?

सुरुवातीचे ते अडखळणे पुढच्या सगळ्या प्रयोगांत दिसले नाही, हे मान्य. पण तापलेला शब्द उशिरा विसरला जातो, हा गाभा टिकला. १९९८ साली लाबार आणि फेल्प्स यांनी अपस्मारासाठी मेंदूच्या एका बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना असे शब्द दिले. ऐकताना अंग त्यांचेही शहारत होते, तासाभराने मात्र त्या शब्दांना इतरांप्रमाणे बळ मिळाले नाही. शस्त्रक्रियेत त्या बाजूचा अमिग्डाला, म्हणजे भावनांशी जोडलेला मेंदूचा भाग, गेला होता. म्हणजे नुसते शहारून भागत नाही. शब्द लोणच्यासारखा मागाहून मुरतो.

म्हणूनच एकाच तासिकेत यादी वाचून, लगेच विचारून, निष्कर्ष लिहून मोकळे होणाऱ्यांशी माझे कधी पटले नाही. त्यात यादीही भाषांतरित! मराठवाड्याची यादी मराठवाड्यानेच करायला हवी.

माझ्या यादीत पहिला ‘रझाकार’. मूळ अर्थ स्वयंसेवक. पण निझामाच्या राजवटीतल्या या सशस्त्र टोळ्यांच्या हातून १९४८च्या सप्टेंबरपर्यंत इथल्या गावांनी जे भोगले, त्यानंतर तो अर्थ आमच्याकडे कुणाच्या कानी उरला नाही. मग ‘मिलो’, ७२च्या दुष्काळातली परदेशी लाल ज्वारी, आणि तिच्याच पंक्तीला दुष्काळी कामांवर वाटलेली ‘सुकडी’.

आणि ‘माळवद’. तुळयांवर मातीचा थर. वर वाळवण घालावे, उन्हाळ्यात अंथरूण टाकावे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६. गणपती बोळवून गावे गाढ झोपली होती. भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा सारा भार निजलेल्यांवर आला. हजारो माणसे गेली. वाचलेल्यांतले कितीतरी पुढे जड छपराखाली पाठ टेकायला धजेनात, पत्र्याखाली निजले. काही वर्षांनी मी वर्गात साधे घरगुती शब्द वाचले: उंबरा, रांजण, कणगी, माळवद. औशाकडच्या एका मुलाचा पेन शेवटच्या शब्दावर थांबला. आठवड्याने त्याच्या कागदावर रांजण नव्हता, कणगी नव्हती. माळवद सर्वांत वर होते.

‘त्या रात्रीचे सारे जसेच्या तसे आठवते’ म्हणणाऱ्यांशी माझे दुसरे भांडण. चॅलेंजर यान फुटल्यावर दुसऱ्याच दिवशी नाइसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून, बातमी कुठे, कशी कळली ते लिहून घेतले. अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तर कितीतरी जणांनी पार वेगळे सांगितले, तेही छातीठोकपणे. खुंटी पक्की राहते, तिच्यावर टांगलेले बदलत जाते. सांगणारा खोटे बोलत नसतो.

आज लातूर पॅटर्नच्या गावातच स्मृतीचे प्रात्यक्षिक उरकण्याचे काम झाले आहे, याचे दुःख होते. मुलांना हजारो उत्तरे पाठ, आजीच्या तोंडचा ‘मिलो’ मात्र त्यांनी ऐकलेला नाही. १९४८ला पंधरा वर्षांची असलेली माणसे आता नव्वदीपलीकडे आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन या दिवाळीतच त्यांच्याकडे जावे. एकेक शब्द उच्चारावा, ऐकावे, लिहून घ्यावे. आणि आठवड्याने पुन्हा जावे.