सही करण्याआधी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घर घेणारं कुटुंब बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच घर घेतं. लालबाग-परळच्या चाळीतून, डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीतून किंवा थेट गावाहून आलेलं. आयुष्यभराची बचत, आईचे दागिने, पीएफमधून काढलेले पैसे आणि वीस वर्षांचं कर्ज असा सगळा ऐवज त्या एका व्यवहारात जातो. टेबलाच्या पलीकडे बसलेला बिल्डर, एजंट आणि बँकेचा माणूस मात्र हेच काम रोज करत असतो. एकदाच करायच्या कामाचा सराव आपल्याला नसतो, रोज करणाऱ्याला असतो. प्रौढ आयुष्यातली बहुतेक फसगत या तफावतीतून होते.

शाळेने काहीच शिकवलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर्स आहेत. नागरिकशास्त्रात लोकसभा आणि नगरपालिका आहे. पण ज्या घरात बसून मूल हा अभ्यास करतं, त्या घराचा दस्त कसा वाचायचा, ते घर खरोखर कुणाच्या नावावर आहे आणि उद्या कुणाच्या नावावर होईल, हे कुठल्याही इयत्तेत येत नाही. पहाटेची कर्जत लोकल पकडून रात्री परतणाऱ्या आईबापांना ते शिकवायला सवड नसते, आणि अनेकदा त्यांनाही ते कुणी शिकवलेलं नसतं.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते, कारण या तिन्ही गावांची जमीन एकसारखी नाही. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या विस्थापितांना इथल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही इथला पत्ता ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. विस्थापितांना जागा मिळाल्या त्या पुनर्वसनाच्या कायद्याखाली. म्हणून इथल्या जुन्या जागेचा मूळ कागद म्हणजे सनद. बराक पाडून इमारत उभी राहिली असेल, तर सनद कुणाच्या नावे, ती किती क्षेत्राची आणि त्यावर बांधकामाची परवानगी कुणी दिली, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये. शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ मध्ये खास उल्हासनगरपुरता कायदा करावा लागला, एवढ्यावरून प्रश्नाचा आकार कळतो. मे २०२१ मध्ये तर एकाच महिन्यात इथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. उलवा नावाची निकृष्ट रेती वापरून घाईघाईने उभ्या केलेल्या इमारतींची चर्चा तेव्हा घरोघरी झाली. चर्चा विरली, पण तशा कितीतरी इमारतींत लोक आजही राहतात.

चाळीतली खोली घेताना आणखी एक प्रकार सर्रास चालतो. स्टॅम्प पेपरवर करार लिहायचा, नोटरीचा शिक्का मारायचा, सोबत कुलमुखत्यारपत्र घ्यायचं आणि खोली ‘आपली झाली’ म्हणायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की अशा कुलमुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. नोटरी फक्त सही कुणी केली याची साक्ष देतो, जागा कुणाची हे तो सांगत नाही. मालकी बदलते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्ताने. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो, आणि नोंदणी झाली की त्याचा गोषवारा ‘सूची क्रमांक दोन’मध्ये येतो. लोक त्याला इंडेक्स टू म्हणतात. देणारा, घेणारा, क्षेत्र, किंमत आणि तारीख एका पानावर असते. घर बघायला गेल्यावर टाइल्स आणि मॉड्युलर किचन पाहण्याआधी विकणाऱ्याच्या नावाची ही प्रत मागावी. ती दाखवायला जो का-कू करतो, त्याच्याशी पुढे बोलूच नये.

नव्या इमारतींचं, म्हणजे मुख्यतः बदलापूर-अंबरनाथचं, चित्र वेगळं आहे. इथे १ मे २०१७ पासून महारेराचं, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं, संरक्षण आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड किंवा आठाहून अधिक सदनिका असलेला प्रकल्प नोंदवल्याशिवाय बिल्डरला जाहिरातसुद्धा करता येत नाही. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आधी तीस टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट नंतर करू’ हे वाक्य ऐकलंत, तर समोरचा माणूस कायदा मोडायला सांगतो आहे हे ओळखा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो स्वखर्चाने दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. भिंतीला ओल आली म्हणून सोसायटीत वर्गणी काढणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं.

पण महारेराचा नंबर म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांसाठी लोकांनी कर्जं काढली होती, करार नोंदवले होते. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन नगरपालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन विचारायचं. तोंडी दाद लागली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करायचा. शुल्क दहा रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत, उत्तराची मुदत तीस दिवस. एवढा अर्ज आठवीतलं मूलही लिहू शकेल. शाळेत पत्रलेखनाला ‘मुख्याध्यापकांस रजेचा अर्ज’ येतो. त्याच्या शेजारी हा एक अर्ज यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. इमारत पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नये, हे या चौकशीला जोडूनच.

नदीचाही कागद असतो. उल्हास बदलापूरला वळसा घालून जाते, वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून उल्हासनगरात शिरते. २६ जुलै २००५ चा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. ‘रिव्हर व्ह्यू’ घर घेताना ते यातल्या कुठल्या रेषेच्या आत येतं हे नगरपालिकेच्या नकाशावर पाहावं, आणि काठावरच्या जुन्या रहिवाशाला पाणी कुठपर्यंत आलं होतं तेही विचारावं.

आता कर्ज. इथे थोडं गणित करू, कारण ते कुणी करून दाखवत नाही. पंचवीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता येतो साधारण २२,४९३ रुपये. पहिल्या हप्त्यातले १८,७५० रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम ३,७४३ रुपये. वीस वर्षांत परत केलेली रक्कम जवळपास ५४ लाख होते. आता समजा सुरुवातीलाच दर एका टक्क्याने वाढला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर वीस वर्षांचं कर्ज सव्वीस वर्षांच्या पुढे जातं. हप्ता बदलत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. व्याजदर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावं, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा आदेश आहे. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. म्हणजे दिवाळीचा बोनस सोफ्यात घालायचा की मुद्दलात, हा निर्णय पूर्णपणे तुमच्या हातात आहे. पहिल्या पाच वर्षांत मुद्दलात घातलेला प्रत्येक रुपया पुढचं खूप व्याज वाचवतो.

घर झालं, सोसायटी झाली, की बहुतेकांना वाटतं प्रकरण मिटलं. जमीन मात्र अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावरच असते. सोसायटी स्थापन झाल्यावर जमीन आणि इमारत तिच्या नावे करून देणं, म्हणजे कन्व्हेयन्स, १९६३ च्या मोफा कायद्याने बंधनकारक आहे. बिल्डर टाळतो, रहिवासी विसरतात, आणि तीस-पस्तीस वर्षांनी पुनर्विकासाची वेळ आली की जमीनमालक उभा राहतो. यावर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. बिल्डरची सही नसली तरी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करून जमीन सोसायटीच्या नावे करता येते. बदलापूरच्या कुळगावातल्या आणि अंबरनाथ पूर्वेच्या जुन्या चार मजली इमारतींनी हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. त्याच बैठकीत स्ट्रक्चरल ऑडिटचाही विषय घ्यावा. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. वार्षिक सभेला दहा माणसं येतात आणि त्यातली सहा पार्किंगवर भांडतात, अशी स्थिती असेल तर स्लॅबचा विषय कोण काढणार? तो तरुण सभासदांनी काढावा.

सगळ्यात नाजूक भाग शेवटचा, म्हणून घरोघरी टाळला जातो. सोसायटीच्या अर्जात ‘नॉमिनी’ म्हणून मोठ्या मुलाचं नाव घातलं, की घर त्याचं, असा समज फार खोल रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सदस्य असतो. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, तेव्हाच्या कायद्यानुसार, हेच तत्त्व सांगितलं आणि साळगावकर कुटुंबाच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही तेच ठरवलं. नॉमिनीने सांभाळायचं, मालकी वारसांची. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. लग्न झालेल्या मुलीचाही, आणि गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या आईचाही.

मृत्युपत्र करणं मुळीच अवघड नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्या साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही मिळणार नसेल हे पाहावं, पुढचे वाद टळतात. आणि बहिणींना एक सांगावंसं वाटतं. भाऊबीजेला ओवाळायला आलेल्या बहिणीपुढे गावच्या जमिनीचं हक्कसोडपत्र ठेवलं जातं, ‘नुसती सही आहे गं’ म्हणून. ती नुसती सही नसते. नोंदवलेल्या हक्कसोडपत्राने तिचा वाटा कायमचा जातो. प्रेमाने सोडायचा असेल तर तिने जरूर सोडावा, पण वाचून, समजून, आणि त्या दिवशी नव्हे.

पैशाच्या दोन गोष्टी थोडक्यात. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीचं विमासंरक्षण आहे. पतपेढीतल्या ठेवीला हे संरक्षण नाही, मग ती गल्लीतली असो वा ओळखीच्या माणसाची. आणि ‘बिल भरलं नाही, आज रात्री वीज कापू’ असा मेसेज खासगी नंबरवरून आला, तर त्या नंबरला फोन करू नका. महावितरणचा क्रमांक १९१२ आहे. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. पहिल्या तासाभरात तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता बरीच जास्त असते.

हे शिकवायला अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको. गणेशोत्सव मंडळं वक्तृत्व स्पर्धा घेतात, तशी एक संध्याकाळ दस्तवाचनाची ठेवावी. गावातले वकील, निवृत्त बँक कर्मचारी, नगररचनेतले अभियंते बोलावले तर आनंदाने येतील. आणि या दिवाळीच्या सुट्टीत कपाटातली घराची फाइल काढून पंधरा वर्षांवरच्या मुलामुलींना सोबत बसवा. करार, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, कर्जाचा खातेउतारा आणि नॉमिनेशनची पोच, एकेक कागद त्यांना मोठ्याने वाचू द्या. जो सापडणार नाही, त्याचं नाव लिहून ठेवा आणि सुट्टीनंतर कार्यालयं उघडली की त्याचा अर्ज त्या मुलाला किंवा मुलीलाच लिहायला सांगा.