प्रेअरीवरील माळकोंबडा व त्याचें वंशरक्षण

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं पूर्वीं जो अफाट गवताळ प्रदेश पसरलेला होता, त्याला ‘प्रेअरी’ असें नांव आहे. या प्रदेशांत ग्राउस कुळांतील एक पक्षी राहतो. त्याला तेथील लोक ‘प्रेअरी चिकन’ म्हणजे माळरानावरची कोंबडी म्हणतात. ग्राउस पक्षी भारतांत आढळत नाहींत. तथापि तित्तिर, लावा व मोर हे त्यांचे दूरचे आप्तच होत. एके काळीं या माळकोंबड्यांची संख्या लाखांनीं मोजावी लागे. पुढें कांहीं ठिकाणीं ती शंभरावरहि राहिली नाहीं. त्यांना वांचविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत आली. ती ही कीं, शिकार बंद केली आणि रान राखलें, एवढ्यानें मूठभर पक्ष्यांचा वंश टिकतोच असें नाहीं.

हें असें कां होतें, तें कळण्यासाठीं या पक्ष्याची राहणी पाहिली पाहिजे. नर सुमारें किलोभर वजनाचा असून त्याच्या तपकिरी अंगावर आडवे पट्टे असतात. मानेच्या दोन्ही बाजूंस लांब पिसांचे झुबके व त्यांच्याखालीं नारिंगी कातडीच्या पिशव्या असतात. ते झुबके मदनाच्या पंखांसारखे वाटून लिनीअस या शास्त्रज्ञानें १७५८ सालीं या पक्ष्यास ‘क्युपिडो’ हें मदनाचेंच लॅटिन नांव दिलें. वसंत ऋतूंत पहांटे नर एखाद्या ठराविक उघड्या जागीं जमतात, झुबके उभारतात, पाय भराभर आपटतात आणि पिशव्या फुगवून घुमूं लागतात. आपल्याकडील माळढोकाचा नरहि गळ्याची पिशवी फुगवून असाच घुमतो. माळकोंबड्याचें हें घुमणें निवांत वेळीं मैलभर ऐकूं येतें. माद्या येतात, पाहतात आणि त्यांतील बहुतेक एकदोन नरांनाच वरतात. बाकीचे नर नाचून रित्या हातीं परततात. म्हणजे वीस नर मोजले, तरी पुढच्या पिढीला वीस बाप लाभले असें होत नाहीं.

मादी दाट गवतांत खळगा करून सुमारें बारा अंडीं घालते. साडेतीन आठवड्यांच्या सुमारास पिलें बाहेर पडतात, तीं लागलींच चालूं लागतात व आरंभीं बहुतांशीं किड्यांवर वाढतात. तात्पर्य, नाचण्यास मोकळी जागा, घरट्यास उंच गवत व पिलांस किडे हीं तिन्ही जवळजवळ लागतात.

१८३७ सालीं जॉन डीअर नांवाच्या लोहारानें इलिनॉय संस्थानांत पोलादी नांगर तयार केला आणि प्रेअरीची चिकट काळी माती उलथणें सोपें झालें. गवताच्या मध्यें थोडीं शेतें होतीं तोंवर पक्ष्यांस हिंवाळ्यांत धान्यच मिळालें; पण पुढें शेतांच्या मध्यें गवत शोधावें लागूं लागलें. शिवाय बाजारासाठीं शिकारहि अतोनात झाली.

याच जातीचा एक पोटभेद ‘हीथ हेन’ या नांवानें अटलांटिक किनाऱ्याकडे राहत असे. १८७० च्या सुमारास तो मार्थाज व्हिनयार्ड या एका बेटावरच काय तो उरला. तेथें १९०८ सालीं राखीव रान झालें आणि शंभराहून कमी असलेले पक्षी कांहीं वर्षांत दोन हजारांच्या घरांत गेले. यश हातीं आलें असें वाटलें. परंतु १९१६ च्या मे महिन्यांत माद्या अंड्यांवर बसलेल्या असतां वणवा पेटला. मागोमाग कडक हिंवाळा, ससाण्यांची धाड आणि पाळीव पक्ष्यांचा रोग अशीं संकटें आलीं. उरलेल्यांत नरच पुष्कळ होते. १९२८ च्या अखेरीस एकच नर उरला. ११ मार्च १९३२ रोजीं तो शेवटचा दिसला. सारा वंश एकाच ठिकाणीं ठेवल्याचा हा परिणाम होय.

इलिनॉयमधील हकीकत निराळी आहे. तेथें १९३३ सालीं शिकार बंद झाली आणि पुढें जमिनी विकत घेऊन गवतहि राखण्यांत आलें. तरी १९६२ च्या सुमारास दोन हजार असलेले पक्षी १९९४ पर्यंत पन्नासांहून कमी झाले. पूर्वीं शंभर अंड्यांपैकीं नव्वदांहून अधिकांतून पिलें निघत. पुढें हें प्रमाण बरेंच घटलें. वस्तुसंग्रहालयांतील जुन्या पक्ष्यांशीं तुलना करतां असें दिसलें कीं, पूर्वजांचें आनुवंशिक वैचित्र्य या कळपांत राहिलें नव्हतें. प्रत्येक प्राण्यांत कांहीं सुप्त दोष असतात. आईबाप दूरच्या वंशांतील असले तर एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणानें झांकला जातो. तीं नात्यांतलींच असलीं तर तोच दोष दोहोंकडून येतो आणि गर्भ अंड्यांतच मरतो.

यावर उपाय दूरच्या सोयरिकीचा झाला. १९९२ पासून मिनेसोटा, कॅन्सस व नेब्रास्का या संस्थानांतून २७१ पक्षी आणून तेथें सोडण्यांत आले. थोड्याच वर्षांत अंड्यांतून पिलें निघण्याचें प्रमाण पुन्हा नव्वदांवर गेलें. पण नवें रक्त आलें तरी नवें रान आपोआप येत नाहीं. गवताचे तुकडे लहान व एकमेकांपासून तुटलेलेच राहिले, म्हणून २०१४ सालीं कॅन्ससहून पुन्हा पक्षी आणावे लागले.

कॅन्सस व नेब्रास्का येथें देण्याजोगे पक्षी उरले, कारण तेथें मोठमोठीं कुरणें नांगराखालीं गेलीं नव्हतीं. पक्षी थोडे उरल्यावर त्यांना जगविण्यास एवढा खटाटोप लागतो. पुष्कळ असतां त्यांस गवताचीं रानें जोडून ठेवण्यापलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं. वंशरक्षणाची खरी वेळ ती होय.