मुळेकाठचे पौड आणि मुळशी खोऱ्याची कहाणी

पुण्याहून कोथरूडमार्गे पश्चिमेस निघालेला रस्ता पिरंगुट ओलांडून पौडला पोहोचतो आणि पुढे ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतो. मुळा नदीच्या काठी वसलेले पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. तालुक्याला नाव मुळशीचे, कचेरी मात्र पौडला, याचे नवागतास नेहमीच कुतूहल वाटते. या खोऱ्याचा इतिहास पाहिला असता शेती, नदी आणि वीज यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, याचा बोध होतो.

मावळचा वारसा

शिवकालात पुणे प्रांताच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख मावळ या नावाने ओळखला जाई. पौड खोरे व कोरबारसे ही त्यांतीलच नावे. तालुक्यातील घनगड आणि कोरीगड हे किल्ले कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवीत. दऱ्याखोऱ्यांत राहणाऱ्या मावळ्यांनी स्वराज्याच्या उभारणीस हातभार लावला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

येथील लोकजीवन पावसाभोवती फिरत आले आहे. ताम्हिणीच्या परिसराची गणना राज्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत होते. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, मृगाच्या सुमारास रोपे टाकावयाची आणि आषाढात चिखलणी करून लावणी उरकावयाची, हा भातशेतीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होय. लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या खाचरात राबण्याची रीत येथे रुजली, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही. येथील सुवासिक आंबेमोहोर तांदळाने पुण्याच्या बाजारपेठेत आपले स्थान निर्माण केले. चैत्रातील जत्रा, भजनी मंडळे आणि आषाढीची वारी यांनी विखुरलेल्या वाड्यावस्त्यांना एका सूत्रात गुंफले.

वीजनिर्मितीची योजना

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईतील गिरण्यांना विजेची गरज भासू लागली. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी अडवावयाचे व ते पश्चिमेकडे कोकणात उतरवून त्या उतारावर वीज निर्माण करावयाची, अशी टाटा समूहाची कल्पना होती. त्यानुसार खोपोलीचे वीजगृह १९१५ साली, तर भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. तिसऱ्या योजनेसाठी मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळची जागा निवडण्यात आली. पूर्वेकडे वाहून भीमेला मिळणारे पाणी बोगद्यावाटे पश्चिमेस वळवून रायगड जिल्ह्यातील भिरा येथे उतरवण्याची ही योजना होती. देशाच्या औद्योगिक प्रगतीच्या दृष्टीने तिचे महत्त्व नाकारता येणार नाही. परंतु तिच्यासाठी ५२ गावांची जमीन जाणार होती आणि सुमारे ११ हजार लोक बाधित होणार होते.

सत्याग्रह

१८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन जमिनी ताब्यात घेण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्यांना विश्वासात न घेता चर खणण्याचे काम सुरू झाल्याने असंतोष पसरला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागी जमले आणि त्यांनी शांततेने काम बंद पाडले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. स्त्रियांचा सहभागही लक्षणीय होता. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे व शंकरराव देव प्रभृतींनी या लढ्यात पुढाकार घेतला. महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’त या प्रश्नाची दखल घेतली. बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने मिळवून दिली.

काही काळ काम थांबले, परंतु १९२१ च्या अखेरीस ते पुन्हा सुरू झाले आणि अटकसत्रास प्रारंभ झाला. पुढे धरणाच्या कामावरील रेल्वेगाडी अडवल्याच्या प्रकरणात सेनापती बापटांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. लढा ओसरला व १९२७ साली भिरा येथील वीजगृह कार्यान्वित झाले. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहास जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

लढा का ओसरला?

याचे एक प्रमुख कारण जमिनीच्या मालकीत दडलेले होते. खोऱ्यातील बरीचशी जमीन सावकारांच्या नावे होती आणि प्रत्यक्ष कसणारी माणसे कुळे होती. सावकारास जमीन म्हणजे मालमत्ता. योग्य मोबदला मिळाल्यास तिचा प्रश्न मिटत होता. कुळास मात्र जमीन म्हणजे उपजीविका. ती गेली की पैशाचा मोबदला दुसऱ्याच्या हाती आणि बेघरपण आपल्या वाट्याला, अशी त्याची अवस्था होती. हितसंबंध भिन्न असल्याने मालकवर्ग तडजोडीस राजी होताच लढ्याचे बळ कमी झाले.

ही उणीव भरून काढण्यास दीर्घ काळ जावा लागला. १९४८ च्या कुळकायद्याने आणि त्यानंतर १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने कसणाऱ्यास मालकीचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा केला. १८९४ च्या कायद्याची जागा २०१३ च्या केंद्रीय कायद्याने घेतली. तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन त्यात आवश्यक मानले असून, जमीन नावावर नसलेल्या, परंतु तिच्यावर उपजीविका अवलंबून असलेल्या कुळांचा व शेतमजुरांचाही बाधित कुटुंबांत समावेश केला आहे. मुळशीच्या कुळांना जे १९२१ साली मिळाले नाही, ते कायद्याच्या पुस्तकात येण्यास नव्वदांहून अधिक वर्षे लागली.

आजची जबाबदारी

आज तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल आणि पिरंगुट परिसरातील कारखाने उभे आहेत, तर पश्चिमेस जलाशय पसरला आहे. भिऱ्याला वीज देऊन बाहेर पडणारे पाणी कुंडलिका नदीतून कोकणच्या शेतीस व उद्योगांस उपयोगी पडते. एका खोऱ्याने दिलेल्या जमिनीचे फळ दूरवरच्या लोकांना मिळाले, ही जाणीव ठेवणे आवश्यक आहे. जमिनीचे व्यवहार आजही वेगाने होत आहेत आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्याचे म्हणणे आजही सहज दुर्लक्षिले जाऊ शकते.

म्हणूनच ग्रामपंचायत सदस्यांनी फेरफार व कुळवहिवाटीच्या नोंदी वेळेवर तपासाव्यात, हस्तांतराचे प्रश्न ग्रामसभेत उघडपणे मांडावेत आणि अधिकाऱ्यांनी मोबदल्याची यादी करताना सातबाऱ्यापलीकडच्या कसणाऱ्याचीही विचारपूस करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. पाण्याखाली गेलेल्या वाड्या, देवळे, खाचरांची नावे व जुन्या पायवाटा यांची नोंद आताच झाली नाही, तर ती पुढे होणे कठीण आहे. नदीकाठच्या या तालुक्याचा इतिहास जपणे म्हणजे केवळ गतकाळाचे गुणगान नव्हे. पुढील प्रत्येक योजनेत जमीन कोणाच्या नावावर आहे आणि भाकर कोणाची जाते, हे दोन्ही प्रश्न विचारण्याची ती शिकवण आहे.