गोदीचा मुलूख
बंदरे आणि बंदरवस्त्या : लेखांक ६

तापीच्या मुखाशी गाळ साचत जाऊन सुरतेचे ऐश्वर्य कसे ओसरले, याचा वृत्तांत गेल्या लेखांकात आपण पाहिला. त्याच सुरतेहून १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार कंपनी सरकारच्या बोलावण्यावरून मुंबईस आला. त्याच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ सागवानी जहाजे बांधली, आणि त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे, एवढ्यावरून त्या कारागिरीची पारख व्हावी. परंतु जहाज बांधणे निराळे आणि बंदर चालविणे निराळे. उत्तम जहाजे निर्माण करणाऱ्या या नगरात मोठ्या व्यापारी जहाजाला धक्क्याशी लागून माल उतरविण्याची सोय १८७५ पर्यंत नव्हती. जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत, त्यांतील माल पडावांत उतरविला जाई आणि ते पडाव भरतीच्या पाण्याबरोबर किनाऱ्यास येत.

या पडावांसाठी पूर्व किनाऱ्यावर जी लहान लहान बंदरे उत्पन्न झाली, त्यांची नावे मस्जिद बंदर, चिंच बंदर, वाडी बंदर, लाकडी बंदर, कोळसा बंदर अशी आजतागायत लोकांच्या तोंडी आहेत. त्यांपैकी कित्येक आता समुद्रापासून इतकी आत गेली आहेत, की तेथे उभ्या राहिलेल्या माणसास पाणी दिसत नाही. भाऊ अजिंक्य यांनी १८४१ च्या सुमारास बांधलेला भाऊचा धक्का याच मालिकेतला. कोकणातील कित्येक पिढ्यांना मुंबईचे प्रथमदर्शन घडले ते त्या धक्क्याच्या पायऱ्यांवरून.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तिकडील कापसाची आवक खुंटली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाड-खानदेशाकडे वळली आणि बोरीबंदराहून निघालेली आगगाडी त्याच सुमारास घाट चढून देशावर पोहोचली. पैशाच्या त्या पुरात समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. १८६५ साली त्यांतील बहुतेक बुडाल्या. पूर्व किनाऱ्यावर भराव घालणारी एल्फिन्स्टन कंपनी तेवढी तगली. मात्र सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला होताच, एवढ्या मोठ्या बंदराचा दरवाजा एका खाजगी मंडळीच्या हाती राहणे धोक्याचे आहे, हे सरकारच्या ध्यानी आले. १८७० साली ती कंपनी सरकारने विकत घेतली आणि १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. मुंबईच्या इतिहासात या निर्णयाइतका दूरगामी निर्णय क्वचितच झाला असेल, असे मला वाटते. कारण किनाऱ्याची सलग मालकी एका संस्थेकडे आली आणि शहराच्या पूर्वेस शहराहून निराळा असा एक मुलूखच वसला.

त्या मुलुखाचा खरा अधिपती मात्र चंद्र. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीचे अंतर पंधरा फुटांच्या घरात जाते. उघड्या धक्क्याशी बांधलेले जहाज ओहोटीस चिखलात रुतावयाचे, म्हणून जमीन खोदून हौद करावयाचा, भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे आणि दरवाजे लावून पाणी अडवून धरावयाचे, हीच गोदीची युक्ती. कुलाब्याची ससून गोदी १८७५ ची, प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची. १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी खुली झाली, तेव्हा तिच्या मुखाशी ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद असा दुहेरी दरवाजांचा जलमार्ग बांधल्यामुळे भरतीची ताबेदारी पुष्कळशी सैल झाली. तिच्या खोदाईत निघालेल्या मातीदगडांच्या भरावावरच बॅलार्ड इस्टेटीच्या डौलदार इमारती उभ्या आहेत.

परंतु भरतीची ताबेदारी जहाजास सुटली तरी हमालास सुटली नाही, आणि या मुलुखाचा स्वभाव जाणावयाचा तर त्याकडेच पाहिले पाहिजे. गिरणीचा भोंगा रोज ठराविक वेळी होई. गोदीचे काम जहाज येईल तेव्हा, आणि येईल तेवढेच. एखाद्या आठवड्यात दहा जहाजे, पुढच्यात दोन. ही अनिश्चितता कोणी सोसावयाची, या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्यांनी आणि जहाज कंपन्यांनी ठरवूनच टाकले होते : ज्याच्यापाशी दुसरे काही नाही त्याने. कोकणातून आणि सातारा-पुण्याकडून आलेले गडी पहाटे दरवाजाशी गोळा होत. जहाजावरील कामासाठी स्टिव्हेडोरचा, म्हणजे माल चढविण्या-उतरविण्याच्या ठेकेदाराचा, मुकादम आणि धक्क्यावरील कामासाठी टोळीवाला त्यांतून माणसे निवडी. उरलेले तसेच परतत. निवड ज्याच्या हाती त्याची दस्तुरी आलीच, आणि दस्तुरीसाठी सावकाराचे कर्जही आलेच. गिरणगावावर कथा-कविता लिहिल्या गेल्या. त्या मानाने गोदीच्या दरवाजाशी ताटकळणाऱ्या या माणसाकडे आपल्या साहित्याचे लक्ष फार कमी गेले, ही उणीव मला मोठी वाटते.

१४ एप्रिल १९४४ रोजी हाच माणूस आगीच्या तोंडी गेला. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या हजारो गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये एकत्र भरलेली होती. दुपारी आग दिसली; जहाज बाहेर ओढावे की जागीच बुडवावे याचा निर्णय करण्यात अमूल्य वेळ गेला; चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान आणि शेकडो कामगार व रहिवासी प्राणास मुकले; आसपासच्या वखारी व वस्त्या जळून गेल्या. युद्धकाळातील निर्बंधांमुळे ही वार्ता प्रथम काही काळ दडपली गेली. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, आणि ते आपोआप पालटले नाही. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी गोदी कामगारांची संघटना उभी केली. १९४८ च्या कायद्याने आणि त्याखाली १९५१ साली मुंबईसाठी झालेल्या योजनेने कामगारांची नोंद, पाळीपाळीने काम आणि काम नसलेल्या दिवशीही काही वेतन या गोष्टी हक्काच्या ठरल्या. टोळीवाल्याची सद्दी संपली. ज्या फ्रियर रोडवरून हमाल गोदीकडे जात, त्या रस्त्यास आज डिमेलो यांचे नाव आहे.

ही व्यवस्था जेमतेम स्थिरावते तोच पोलादी पेटाऱ्यांचा, म्हणजे कंटेनरचा, जमाना आला. पूर्वी जहाजातील एकेक पोते पाठीवरून उतरे. आता यारी पेटारा उचलून थेट गाडीवर ठेवू लागली. अशा पेटाऱ्यांसाठी विस्तीर्ण मोकळे आवार लागते, आणि ते शहराने वेढलेल्या जुन्या गोदीपाशी नव्हते. १९८९ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि माल तिकडे वळला. प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्या पुढे बुजविल्या गेल्या.

मागे उरली ती सुमारे अठराशे एकर जमीन : रे रोडची गोदामे, दारूखान्यातील जहाजतोडणीची आवारे, शिवडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी, आणि भाडेपट्ट्यांच्या दाव्यांत अडकलेल्या चाळी. उद्याने, जलविहार, उंच इमारती असे या जमिनीचे नकाशे वारंवार रेखाटले जातात. समुद्र नागरिकांना खुला व्हावा, याविषयी दुमत नाही. परंतु तीन-तीन पिढ्या तेथे राबलेल्यांची घरे त्या नकाशांत प्रथम आखली गेली पाहिजेत आणि मोकळ्या जागा त्यानंतर, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्हावा-शेवा बंदरासाठी उरणच्या ज्या शेतकऱ्यांची व आगरी-कोळ्यांची जमीन गेली, त्यांचा वृत्तांत पुढील लेखांकात.