महाविद्यालयीन सन्मान-संस्था

अध्ययनात विशेष प्रावीण्य दाखविणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना निवडून सदस्यत्व देणाऱ्या संस्था. त्यांची वाढ प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली. परीक्षेतील वर्ग, पदक किंवा शिष्यवृत्ती हे एकेका व्यक्तीस मिळणारे सन्मान होत. सन्मान-संस्थेत मात्र विद्यार्थी गुणवंतांच्या एका समुदायात प्रवेश करतो व ते सदस्यत्व सामान्यतः आजीव असते. त्याची प्रतिष्ठा दोन गोष्टींवर अवलंबून असते : निवड किती मर्यादित आहे आणि ती किती निःपक्षपाती आहे. पहिली गोष्ट या संस्थांना बरीच लवकर साधली. दुसरीसाठी मात्र दीर्घ काळ जावा लागला.

उगम : ‘फाय बीटा कॅपा’ ही या प्रकारची सर्वांत जुनी संस्था. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथील विल्यम अँड मेरी कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ती ५ डिसेंबर १७७६ रोजी स्थापन केली. ‘ज्ञानप्रेम हे जीवनाचे मार्गदर्शक’ अशा अर्थाच्या ग्रीक वचनातील शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. आरंभी ती गुप्त मंडळी होती. गुप्ततेची शपथ, सांकेतिक हस्तांदोलन व पदक ही तिची लक्षणे होत. तिच्या सभांत निबंधवाचन आणि वादविवाद चालत. पुढे अमेरिकेचा सरन्यायाधीश झालेला जॉन मार्शल हा तिच्या प्रारंभीच्या सदस्यांपैकी एक होता. स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश फौजा जवळ आल्याने १७८१ मध्ये मूळ शाखेचे काम थांबले. तत्पूर्वीच येल व हार्व्हर्ड येथे शाखा काढण्याच्या सनदा देण्यात आल्या होत्या. त्यामुळे येल (१७८०) व हार्व्हर्ड (१७८१) येथील शाखांनी संस्था टिकवून धरली.

१८२० नंतरच्या दशकात अमेरिकेत गुप्त मंडळ्यांविरुद्ध, विशेषतः फ्रीमेसन पंथाविरुद्ध, लोकमत प्रक्षुब्ध झाले. त्याचा परिणाम होऊन हार्व्हर्ड शाखेने १८३१ मध्ये गुप्ततेचा त्याग केला. वादविवादाची मंडळी हे स्वरूप मागे पडून गुणवत्तेचा जाहीर गौरव करणारी संस्था, असे नवे स्वरूप तिला हळूहळू प्राप्त झाले. राल्फ वॉल्डो एमर्सन याने अमेरिकन विद्वानाच्या कर्तव्यांविषयीचे आपले प्रसिद्ध व्याख्यान १८३७ मध्ये याच शाखेपुढे दिले. ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारे विद्यार्थ्यांचे सामाजिक बंधुसंघही याच परंपरेतून पुढे वाढले. परंतु त्यांत प्रवेश मैत्री व सहवास यांवर मिळतो, अध्ययनावर नव्हे. १८८३ मध्ये निरनिराळ्या शाखा एका राष्ट्रीय संघटनेखाली एकत्र आल्या.

विस्तार : फाय बीटा कॅपा ही संस्था मानव्यविद्या आणि शुद्ध विज्ञाने यांपुरती मर्यादित राहिल्याने इतर शाखांसाठी स्वतंत्र संस्था निघाल्या. अभियांत्रिकीसाठी टाउ बीटा पाय (१८८५), वैज्ञानिक संशोधनासाठी सिग्मा क्साय (१८८६), सर्व विद्याशाखांसाठी फाय कॅपा फाय (१८९७), वैद्यकासाठी अल्फा ओमेगा अल्फा (१९०२) आणि द्विवर्षीय महाविद्यालयांसाठी फाय थीटा कॅपा (१९१८) या त्यांपैकी प्रमुख होत. निवडीचे किमान निकष ठरविण्यासाठी अशा संस्थांचा एक महासंघ १९२५ मध्ये स्थापन झाला.

निवडपद्धती : प्रतिष्ठित संस्थांत सामान्यतः विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करावयाचा नसतो. महाविद्यालयातील शाखा, बहुधा तेथील सदस्य-अध्यापक, गुणांच्या नोंदी पाहून निवड करते आणि विद्यार्थ्याला निमंत्रण पाठविते. शाखा काढण्यासाठी महाविद्यालयालाही कसोटीस उतरावे लागते. फाय बीटा कॅपाच्या सु. २९० शाखा असून अमेरिकेतील बहुसंख्य महाविद्यालयांत तिची शाखा नाही. सोन्याची लहान किल्ली हे तिचे बोधचिन्ह. मूळ पदकाला घड्याळाच्या किल्लीचा आकार मिळून ते तयार झाले.

प्रवेशाचा प्रश्न : गुणवत्ता हाच निकष जाहीर केला असला, तरी ती कोणाची पाहावयाची हे प्रत्यक्षात समाजस्थितीने ठरविले. जवळजवळ शंभर वर्षे फाय बीटा कॅपाचे सर्व सदस्य पुरुष होते. व्हर्मॉंट विद्यापीठाच्या शाखेने १८७५ मध्ये प्रथम स्त्रियांची निवड केली आणि १८७७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सदस्यत्व दिले. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या फिस्क व हॉवर्ड या विद्यापीठांत शाखा निघण्यास मात्र १९५३ साल उजाडले. टाउ बीटा पाय ही संस्था पात्र विद्यार्थिनींना १९३६ पासून केवळ एक वेगळे बोधचिन्ह देई; पूर्ण सदस्यत्व त्यांना १९६९ मध्ये मिळाले. अल्फा ओमेगा अल्फामध्ये कृष्णवर्णीय व आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांची निवड श्वेतवर्णीयांच्या मानाने कमी प्रमाणात होते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. रुग्णालयांतील पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या जागा मिळताना हे सदस्यत्व उपयोगी पडत असल्याने प्रश्न केवळ मानाचा नव्हता. त्यानंतर काही वैद्यकीय विद्यालयांनी विद्यार्थ्यांची निवड थांबविली.

इतर पद्धती : इंग्लंडमध्ये सन्मान संस्थेपेक्षा परीक्षेशी निगडित राहिला. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितातील ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांस ‘रँग्लर’ व त्यांतील पहिल्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हे स्थान १८९९ मध्ये मिळविले आणि ‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्रात त्यांच्या नावाचाच भाग बनला. क्रमवार यादी जाहीर करण्याची प्रथा केंब्रिजने १९०९ नंतर बंद केली. भारतीय विद्यापीठांनी इंग्लंडचेच वळण स्वीकारल्याने येथे ऑनर्सची पदवी, सुवर्णपदके व देणगीतून ठेवलेल्या शिष्यवृत्त्या रूढ झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेतील संस्कृतच्या प्रावीण्याबद्दलची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हे त्याचे परिचित उदाहरण. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुख यांना मिळाली होती.

मूल्यमापन : सन्मान सढळपणे वाटले गेल्यास त्यांचा अर्थ क्षीण होतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदवीसोबत ‘कम लाउडे’ (सन्मानपूर्वक) व त्याहून वरच्या दर्जाची लॅटिन विशेषणे देतात. हार्व्हर्डमध्ये २००१ साली सु. ९१ टक्के पदवीधरांना असे काही ना काही सन्मान मिळाले होते. म्हणून २००२ मध्ये विद्यापीठाने त्यांवर ६० टक्क्यांची मर्यादा घालण्याचे ठरविले. दुसरीकडे, काही संघटना महाविद्यालयाशी संबंध नसताना थेट विद्यार्थ्यांना निमंत्रणे पाठवून शुल्क गोळा करतात, अशी टीका होते. त्यामुळे निकष जाहीर आहेत काय, निवड अध्यापक करतात काय आणि महाविद्यालयाची मान्यता आहे काय, या गोष्टी पाहूनच एखाद्या सदस्यत्वाचे मोल ठरविणे इष्ट असते. अल्पसंख्या राखूनही कोणत्याही पात्र विद्यार्थ्याला दार बंद न ठेवणे, ही या संस्थांपुढील मुख्य कसोटी आहे.