उन्हातली घोडेस्वारी : रुबाब हवा, पण अंगाला वाराही हवा

पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. १६७० साली माघ वद्य नवमीच्या रात्री कोंढाणा घेताना त्यांना वीरमरण आले. त्यांची समाधी उमरठला आहे आणि माघातल्या या तिथीला तिथे मानवंदनेसाठी माणसे जमतात. त्याच सुमारास १९ फेब्रुवारीची शिवजयंती, फाल्गुनातली तिथीची शिवजयंती आणि अखेरीस जूनच्या सुमारास रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा. माघ ते ज्येष्ठ हे महाड-पोलादपूर भागातले उत्सवाचे दिवस आणि नेमके हेच कोकणातल्या उन्हाळ्याचे दिवस.

मिरवणूक म्हटली की मावळ्यांचा वेश आला आणि बऱ्याच ठिकाणी घोडाही आला. दुसरीकडे शहरांतले रायडिंग क्लब मुलांना घोडेस्वारी शिकवतात आणि त्यांना स्पर्धेत उतरवतात. मिरवणुकीतला स्वार मखमली अंगरख्यात असतो आणि स्पर्धेतला स्वार अंगाबरोबर बसणाऱ्या गडद कोटात. पोशाख वेगळे असले तरी अडचण एकच आहे. दिसायला रुबाबदार असलेले कपडे दुपारच्या उन्हात शरीराला थंड होऊ देत नाहीत.

ही अडचण किरकोळ नाही. रायगड जिल्ह्यातल्याच भिरा येथे मार्च २०१७ मध्ये पारा ४६ अंशांच्या वर गेल्याची नोंद झाली होती. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यातल्या खारघरमध्ये उघड्या मैदानावरील सोहळ्यात उन्हाचा त्रास होऊन दहाहून अधिक माणसांचा जीव गेला. ती माणसे बहुतांशी नुसती बसून होती. घोडेस्वाराला तर उन्हात बसून व्यायामही करायचा असतो.

घोडाच तर पळतो, स्वाराला कसले श्रम, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात दुडक्या चालीत प्रत्येक पावलाला स्वाराच्या मांड्या, पोट आणि पाठ यांचे स्नायू काम करतात. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच हालचालीच्या कामी येतो, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. ती अंगात साठू नये म्हणून घाम येतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला, तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. यात महत्त्वाचा शब्द ‘सुकला’ हा आहे. नुसता ओघळून जमिनीवर पडलेला घाम अंग थंड करत नाही.

कोकणात अडते ते इथेच. विदर्भातले ऊन जास्त तापते, पण तिथली हवा कोरडी असते आणि घाम झटकन उडतो. सावित्रीच्या खोऱ्यात तापमान चार-सहा अंशांनी कमी असले, तरी हवेत बाष्प भरपूर असते आणि घाम अंगावरच राहतो. म्हणून इथे कपड्याची निवड करताना पहिला प्रश्न ‘ऊन अडेल का’ हा नसून ‘वारा आत जाईल का’ हा असायला हवा.

काळा रंग आणि सैल कपडा

उन्हात पांढरे घालावे, काळे घालू नये, हे लहानपणापासून ऐकलेले असते. मग वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे का घालतात? या प्रश्नावर इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९८० मध्ये ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, हे खरे ठरले. पण झगा सैल असल्याने कापड आणि कातडी यांच्यामधून हवा खेळती राहते आणि ती जास्तीची उष्णता वरच्यावर निघून जाते. अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच भरली.

याचा अर्थ काळा रंग निर्धोक आहे असा नाही. कपडा सैल असेल तर रंगाला फारसे महत्त्व उरत नाही आणि कपडा अंगाला चिकटून असेल तर रंगाला फार महत्त्व येते. स्पर्धेचा कोट अंगाबरोबर बसणारा असतो. तो काळा किंवा गडद निळा असेल, तर तापलेले कापड थेट पाठीला टेकते. म्हणून नियमात बसत असेल, तर फिकट राखाडी किंवा मध्यम निळा कोट घेणे शहाणपणाचे.

मराठा स्वाराचा जुना वेश या कसोटीवर चांगलाच उतरतो. सुती अंगरखा, सुरवार, कमरेला शेला, डोक्याला मुंडासे. कापड सुती, वरचा कपडा मोकळा, डोक्यावर कापडाचे अनेक थर. आज भाड्याने मिळणारा मावळ्याचा वेश मात्र बहुतेक वेळा जाड कृत्रिम मखमलीचा असतो आणि त्याला आतून अस्तर असते. दिसायला तो जुना, पण गुणाने प्लास्टिकच्या पिशवीजवळचा. मिरवणुकीत घोड्यावर बसणाऱ्यासाठी साध्या सुती कापडाचा अंगरखा शिवून घेतला, तर तो इतिहासाला आणि आरोग्याला दोन्हींना धरून होतो.

सुती की पॉलिएस्टर?

‘सुती तेवढे चांगले’ हा नियमही अर्धाच खरा आहे. सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प हवेतूनच धरून ठेवते, पॉलिएस्टर १ टक्काही नाही. त्यामुळे मोकळ्या अंगरख्यात, संथ चालीच्या मिरवणुकीत सूत उत्तम. पण कोटाच्या आत घातलेला सुती शर्ट घामाने एकदा भिजला की लवकर सुकत नाही, जड होतो आणि काखेत, मांडीला घासतो. घामोळ्या आणि सालटी निघण्याचे ते एक कारण. खेळाडूंसाठी विणलेले पातळ, जाळीदार पॉलिएस्टर घाम शोषून साठवत नाही, तर तो कापडभर पसरवते आणि पसरलेला घाम लवकर उडतो. म्हणून कोटाच्या आत असा शर्ट बरा.

दुकानात कापडाची पारख दोन साध्या रीतींनी होते. कापड तोंडापुढे ताणून धरावे आणि फुंकर मारावी. पलीकडे हाताला वारा लागला, तर ते कापड अंगालाही वारा देईल. दुसरी रीत म्हणजे पाण्याचा थेंब टाकणे. थेंब मण्यासारखा तसाच राहिला, तर ते कापड घामाचेही तेच करणार. थेंब लगेच पसरला, तर कापड उपयोगाचे. बाह्या मात्र लांबच असाव्यात. उघड्या हातावर ऊन थेट लागते आणि पडल्यावर आधी खरचटतात ते कोपरच.

स्वारीची विजार हा तर मुळात आपल्याकडचाच शोध. मांडीला मोकळी आणि पोटरीला घट्ट अशी ‘जोधपुरी’ जोधपूरच्या सर प्रतापसिंह यांच्यामुळे १८९७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाली. मांडीला हवा लागावी आणि खाली कापड रिकिबीत अडकू नये, हे दोन्ही हेतू त्या कापण्यात साधले होते. आताच्या विजारी ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या आणि अंगाबरोबर असतात. त्या घेताना आतल्या मांडीला जाड शिवण नाही ना, हे बघावे.

जिथे तडजोड नाही

दोन गोष्टींत उन्हाची सबब चालत नाही. पहिली हेल्मेट. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने ड्रेसाजमधली जुनी उंच टोपी २०२१ पासून बंद करून हेल्मेट सक्तीचे केले. झरोके असलेले प्रमाणित हेल्मेट घ्यावे, आत पातळ सुती टोपी घालावी आणि हेल्मेट बंद गाडीत तापत ठेवू नये. उष्णतेने आतला धक्का झेलणारा फोम खराब होतो. फेटा कितीही घट्ट बांधला तरी तो हेल्मेटचे काम करत नाही. शिकाऊ मुलाला नुसत्या फेट्यावर घोड्यावर बसवू नये. दुसरी गोष्ट टाचेचे बंद बूट. टाच नसेल तर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला स्वार फरफटत जातो.

कोटाच्या बाबतीत मात्र नियम मऊ आहेत. फार उकाडा असेल तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही पंच कोट न घालता उतरण्याची मुभा देऊ शकतात. तेव्हा कॉलर आणि बाह्या असलेला नीटनेटका शर्ट हवा. स्थानिक स्पर्धेत पालकांनी आणि प्रशिक्षकांनी ही विचारणा आधीच करावी. त्यात कमीपणा नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तर उकाड्यापायी घोडेस्वारीच्या बऱ्याच फेऱ्या संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशात आणि क्रॉसकंट्री सकाळी लवकर घेतली गेली. भारताचा फवाद मिर्झा त्याच स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने ४१ वर्षांनी घोडेस्वारीतले सुवर्ण आणले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून या खेळाकडे मुलांची ओढ वाढली आहे, तशी उन्हाची काळजीही वाढायला हवी.

घोड्यालाही ऊन लागते

घोडा माणसासारखाच भरपूर घामाघूम होतो. जोराच्या श्रमात त्याच्या अंगातून तासाला १० लिटरहून अधिक घाम जाऊ शकतो आणि त्याबरोबर मीठही मोठ्या प्रमाणात जाते. मिरवणुकीच्या घोड्यावर जाड झूल, वर साज आणि खाली तापलेला डांबरी रस्ता असतो. झूल पातळ सुती असावी, थांब्याला घोडा सावलीत न्यावा, पाणी पाजावे आणि श्रमानंतर अंगावर गार पाणी पुन्हा पुन्हा ओतावे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी घोड्यांच्या उष्म्यावर बरेच संशोधन झाले आणि गार पाण्याने घोडा आखडतो ही जुनी भीती मागे पडली.

स्वारानेही तहान लागण्याची वाट पाहू नये. थोडे थोडे पाणी, ताक, मीठ-साखर घातलेले कोकम सरबत किंवा कैरीचे पन्हे चांगले. उन्हाची सवय शरीराला एक ते दोन आठवड्यांत होते, तेव्हा सराव त्या बेताने आधीपासून वाढवावा. कोट आणि छातीचे संरक्षक जाकीट अगदी आयत्या वेळी घालावे आणि फेरी संपताच काढावे.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही पहिली सूचना. स्वार असंबद्ध बोलू लागला, झोक जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला खाली उतरवून सावलीत न्यावे, कोट आणि बूट काढावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. उमरठसारख्या गावातून मोठे रुग्णालय गाठायला वेळ लागतो. तोवर गाडीची वाट पाहत बसू नये, ती येईपर्यंत पाणी ओतणे चालूच ठेवावे.