मंद आचेवरचा हिवाळा

बदलीचा हुकूम हे बँकेतील अधिकाऱ्याच्या आयुष्यातील एक अटळ प्रकरण असते. 2024 च्या जून महिन्यात माझ्या हाती चंदीगडचा हुकूम पडला, तेव्हा थोरला मुलगा सात वर्षांचा होता आणि घरात दुसऱ्या अपत्याची प्रतीक्षा चालू होती. ऑगस्टमध्ये कन्यारत्नाचे आगमन झाले. दिवाळीनंतर सारे कुटुंब चंदीगडच्या भाड्याच्या घरात एकत्र आले आणि पाठोपाठ साताऱ्याहून आईही आली. तिच्या सामानात, कपड्यांच्या घड्यांखाली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक लहानशी पितळी परात होती. ती कशासाठी आणली हे तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

ती परात, विजेवर चालणारा एक स्लो कुकर आणि उत्तरेतील एक दीर्घ हिवाळा यांची ही हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

धुक्यातले शहर

ले कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार उभे राहिलेले चंदीगड हे सरळ रस्त्यांचे आणि आखीव सेक्टरांचे शहर आहे. परंतु डिसेंबरच्या अखेरीस धुके उतरले, की समोरचा चौकही दिसेनासा होतो. रात्रीचे तापमान पाच अंशांच्या आसपास रेंगाळते. कधी सलग काही दिवस सूर्यदर्शन घडत नाही. शाळांना हिवाळी सुट्टी लागते आणि घरातील सर्व व्यवहार एका हीटरभोवती गोळा होतात. साताऱ्याच्या कोरड्या, उन्हाळलेल्या थंडीची सवय असलेल्या आम्हा मंडळींना हा अनुभव नवा होता.

सौभाग्यवतींची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सकाळी घाईत सारे आटोपून दोघांनीही कामावर जायचे, तर रात्रीच्या स्वयंपाकाची सोय व्हावी म्हणून आम्ही स्लो कुकर विकत घेतला. जाड चिनी मातीचे भांडे, त्याभोवती मंद उष्णता देणारी तार आणि वर काचेचे झाकण, एवढीच त्याची रचना. पाणी खळखळून उकळण्याच्या किंचित खालच्या तापमानावर पदार्थ सहा ते आठ तास शिजत राहतो. सकाळी आठला घातलेली डाळ संध्याकाळी घरी परतल्यावर वाढायला तयार असते.

नवे यंत्र, जुनी रीत

आमच्या घरमालकांच्या मातोश्रींना सारेच जण ‘बीजी’ म्हणतात. हे यंत्र पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “हा तर आमचा हारा!” त्यांचे माहेर संगरूरकडील एका खेड्यातले. हारा म्हणजे अंगणात मातीने लिंपून केलेली गोल भट्टी. तिच्या तळाशी गोवऱ्या धुमसत ठेवायच्या आणि वर मडके चढवायचे. दिवसभर हाऱ्यावर राहिलेल्या दुधाला गुलाबीसर रंग आणि जाड साय येते. अख्ख्या उडदाची ‘माँह दी दाल’ रात्रभर हाऱ्यावर राहिली, की लोण्यावाचूनही लोण्यासारखी होते.

आईला हे ऐकून आपली चूल आठवली. चुलीला शेजारी जोडलेल्या वैलावर, मुख्य जाळाच्या उरलेल्या उबेवर, आमटी आणि दूध तासन्‌तास राहत असे. जाळ विझल्यावर आहारात, म्हणजे गरम राखेत, वांगी आणि रताळी भाजली जात. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून, पाण्याचा थेंबही न घालता पोपटी केली जाते, तीही याच कुळातली.

बाहेरच्या जगातही हीच कथा आढळते. 1910 साली बंगालमधील डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला. खाली थोडे निखारे, वर एकावर एक डबे, आणि वाफेवर संथपणे शिजणारे भात-वरण. अमेरिकेतील अर्व्हिंग नॅक्सन यांना 1940 मध्ये विजेच्या मंद कुकरचे पेटंट मिळाले. लिथुआनियातील त्यांच्या आईच्या गावात शुक्रवारी संध्याकाळी ‘चोलंट’ नावाच्या रश्श्याची भांडी बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवीत आणि ती दुसऱ्या दिवशी काढीत. या आठवणीतून त्यांना ही कल्पना सुचली. 1971 पासून हे यंत्र ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी पोहोचले.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. राजमा भिजवून तसाच स्लो कुकरमध्ये घालू नये. त्यात मुळातच असलेला एक विषारी घटक मंद उष्णतेने नष्ट होत नाही. पोटाचा मोठा त्रास होऊ शकतो. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळाखळा उकळावा आणि मगच कुकरमध्ये घालावा. माँह दी दालमध्ये मूठभर राजमा घालण्याची पद्धत असल्याने आम्ही हा नियम कधी मोडत नाही.

परातीचे प्रयोजन

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईने परात बाहेर काढली. नातीची पहिली संक्रांत होती. बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने हवे होते. ते पुण्याहून मागवणे सहज शक्य होते, आणि आईनेही प्रथम तेच सुचवले. कारण गेली दोन वर्षे तिच्या हातांना कंप सुटला आहे. माझ्या आणि माझ्या मुलाच्या बोरन्हाणाचा हलवा तिने याच परातीत केला होता. आता तिच्याने चमचाभर पाकही न सांडता ओतवत नाही.

“मी करतो. तू सांग,” मी म्हणालो. आईने माझ्याकडे साशंकतेने पाहिले. परंतु बँकेत मी कारकून म्हणून लागलो तो रोखपालाच्या खिडकीवर. नोटांच्या गड्ड्यांनी बोटांना थोडी शिस्त लावलेली आहे.

काटेरी हलवा हा मंद आचेचा खरा कस होय. कोमट परातीत तीळ घ्यायचे, त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी हलकेच फिरवत राहायचे. पाक सुकला की पुढचा चमचा. असे शेकडो वेळा, तीन-चार दिवस. प्रत्येक थर वाळताना साखरेचे बारीक कण उभे राहतात. थरावर थर चढून त्यांचाच काटा होतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ही आवर्ती ठेव आहे. एकदम मोठी रक्कम भरून ती फुगत नाही.

मी नेमकी तीच चूक केली. दुसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून दोन-दोन चमचे पाक एकदम घातला. शिवाय बाहेर दाट धुके. साखर हवेतील ओलावा ओढून घेते. थर वाळेना, दाणे एकमेकांना चिकटले आणि परातीत साखरेचा गोळा उरला. आईने कोळशाच्या शेगडीचा आग्रह धरला. परंतु बंद खोलीत निखारे ठेवण्यास बीजींनी कडक मनाई केली. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू निघतो आणि त्याने उत्तरेत दर हिवाळ्यात झोपेतल्या माणसांचे जीव जातात. आईला ते पटले.

“थंडी नुसती असून भागत नाही रे, कोरडी लागते,” ती म्हणाली. परात घासून, पुसून तिने पुन्हा फडक्यात बांधली. त्या संध्याकाळी ती फारशी बोलली नाही.

भोगी आणि लोहडी

13 जानेवारीला आमच्याकडे भोगी होती आणि बीजींकडे लोहडी. आम्ही वांगी, गाजर, पावटा, हरभरा आणि तिळाचे कूट घालून भोगीची मिसळीची भाजी स्लो कुकरमध्ये लावली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी तव्यावर केली. बीजींकडे उसाच्या रसात तांदळाची खीर मंद आचेवर शिजत होती. ती पौषात शिजवायची आणि दुसऱ्या दिवशी, माघीला, खायची. ‘पोह रिद्धी, माघ खाधी’ अशी पंजाबीत म्हणच आहे.

संध्याकाळी अंगणात शेकोटी पेटली. रेवड्या, शेंगदाणे आणि लाह्या अग्नीत पडू लागल्या. बीजींनी आमच्या कन्येला मांडीवर घेतले आणि सर्वांना सांगितले, “हिची पहिली लोहडी.” मग आईकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, की त्यांना तीन मुली आणि एक मुलगा, लोहडी वाटली गेली ती फक्त मुलाची. त्या काळी मुलींची लोहडी कोणी करीत नसे.

2001 च्या जनगणनेत चंदीगडमध्ये सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे 845 मुली होत्या. 2011 मध्ये ती संख्या 880 झाली. अलीकडे ‘धीयां दी लोहडी’, म्हणजे लेकींची लोहडी, मुद्दाम साजरी केली जाते. हे आकडे मी यापूर्वीही वाचले होते, परंतु त्यांचा अर्थ त्या शेकोटीपाशी कळला.

घरी आल्यावर आईने विचारले, “रथसप्तमी कधी आहे?” बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते. 4 फेब्रुवारी, म्हणजे हाती तीन आठवडे होते.

दुसरा प्रयत्न

जानेवारीच्या अखेरीस धुके उठले आणि ऊन पडू लागले. बीजींनी गच्चीवरची बरसाती, म्हणजे माथ्यावरची सुटी खोली, आम्हाला उघडून दिली. तिथे दुपारभर ऊन येई. मी चार दिवसांची रजा टाकली. विजेच्या शेगडीवर परात चढली. आई शेजारी खुर्चीत, बहुधा डोळे मिटून बसे. दाण्यांचा आवाज ऐकून ती सूचना देई. ओल्या दाण्यांचा आवाज दबका. वाळले की परातीत खुळखुळतात. “अजून नाही... आता घाल,” एवढेच ती बोले. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बोटांना काहीतरी बारीक टोचले. मी दाणे तिच्या तळहातावर ठेवले. हात थरथरत होता, तरी तिने ते बराच वेळ तसेच धरून ठेवले.

दागिन्यांचे काम चिरंजीवांनी अंगावर घेतले. सुट्टीत त्याला आम्ही रॉक गार्डन दाखवले होते. रस्ते-निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, फरशा आणि मोडक्या भांड्यांतून गुपचूप उभारलेली ती सृष्टी 1976 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ते पाहून आल्यापासून घरात काहीही टाकून देण्याची चोरी झाली होती. मुकुटाचा पुठ्ठा जुन्या कॅलेंडरचा, जर आईच्या विरलेल्या साडीची, झबल्याचे काळे कापड सौभाग्यवतींच्या ओढणीचे. सुईने दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याचा फासा करून त्यात दाणा अडकवायचा आणि फासा काट्यांमध्ये ओढून बसवायचा, हे आजीने नातवाला शिकवले. हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा आणि मुकुट चार संध्याकाळींत तयार झाले. त्या संध्याकाळी दूरदर्शन संच लावण्याचे कोणालाही सुचले नाही.

2 फेब्रुवारीच्या रविवारी बोरन्हाण झाले. त्या दिवशी वसंत पंचमी होती. बीजी आणि त्यांच्या घरच्या साऱ्याजणी पिवळ्या पोशाखात आल्या, आणि मध्ये काळ्या झबल्यातली, पांढऱ्या दागिन्यांची आमची मुलगी. शुभकार्यात काळे कसे, असे त्यांनी विचारले. काळा रंग ऊब धरतो आणि थंडीच्या सणाला तोच शोभतो, असे आईने आपल्या हिंदीत समजावले. बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या डोक्यावरून ओतल्या गेल्या आणि वेचायला सेक्टरातली सारी मुले धावली. बीजींनी हाराचा एक दाणा मागून घेतला व तो तोंडात न टाकता रुमालात बांधला.

घरी हलवा करताना

पाव वाटी पॉलिशच्या तिळांना साधारण दोन वाट्या साखर लागते. साखरेच्या निम्मे पाणी घालून पाक उकळावा, चमचाभर दूध घालून मळी काढावी आणि एकतारी होण्याच्या थोडे अलीकडेच पाक उतरवावा. आच अगदी मंद असावी. परात हाताला सोसवेल इतकीच गरम राहावी. एका वेळी एकच चमचा पाक घालावा. मधूनमधून दाणे चाळून सुटी पिठी काढून टाकावी. दमट दिवशी काम थांबवावे. लहान मुलांना गरम परातीपासून दूर ठेवून दागिने ओवण्यात सहभागी करून घ्यावे.

फेब्रुवारीच्या मध्यास आई साताऱ्यास परत निघाली. तिची बॅग भरताना मी फडक्यात गुंडाळलेली परात वर ठेवली. तिने ती बाहेर काढली आणि स्वयंपाकघरात, स्लो कुकरच्या शेजारी, फळीवर ठेवून दिली. “इथेच राहू दे,” ती म्हणाली, “आता तुझ्या हाताला कळते.”

वाचकहो, येत्या हिवाळ्यात आपणही पाव वाटी तिळांपासून आरंभ करून पाहावा. घरात कोणी ज्येष्ठ असतील, तर त्यांना शेजारी खुर्ची द्यावी आणि त्यांच्या सूचनेनेच पुढचा चमचा घालावा.